बिनशिक्क्याचा निरोप

पौषातली थंडी. रावेरकडच्या बागांवर धुकं असं दाटलं होतं की केळीचं पान तेवढं दिसे, खोड नाही. ललितने सकाळपासून अकरा पेट्यांचे सेल बदलले. बारावी पेटी गिरधरनानांच्या बागेत. ती त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती.

पेट्या त्यानेच बनवलेल्या. जमिनीतली ओल मोजायची आणि मोटारीवरच्या डब्याला बिनतारी निरोप द्यायचा, अमक्या नंबरची बाग ओली, ठिबक बंद ठेव. आधी निरोपाखाली शिक्का असे. निरोप आणि त्या पेटीचं गुपित एकत्र घोटून काढलेला आकडा, दुसऱ्या पेटीला न जमणारा. पण ती रीत मोठ्या कॉम्प्युटरची. सेल दोन महिन्यांत मान टाकत.

"तुह्या पेटीपेक्षा माही म्हैस कमी खाते," लोक म्हणत.

इवल्या चिपांसाठी हलकी रीत होती, ललितला ठाऊकही होती. बसवायला आठ-दहा दिवस लागले असते. त्याने शिक्काच काढून टाकला.

मग नानांचा धाकटा भाऊ चिंधा याची शेजारची पेटी बिघडली. ललितने घाईत नानांच्या पेटीतला प्रोग्राम तिच्यात उतरवला, नंबरासकट. वैशाखात नाना गुडघ्याच्या ऑपरेशनला जळगावला गेले, बाग चिंधावर सोपवून. नानांचं ठिबक सुरू होतं न होतं तोच चिंधाच्या बागेतून त्यांच्या नंबराने 'ओली'चा निरोप येई आणि डबा ते बंद करी. चिंधा नानांच्या पेटीचा हिरवा दिवा पाहून, पाणी चालू आहे असं समजून निर्धास्त परते. नऊ दिवसांत निसवलेली, घड बाहेर पडलेली केळ कंबरेतून मोडली.

"चिंध्यानंच पान्याचा कॉक त्याच्याकडे फिरवला," नाना परतल्यावर म्हणाले.

आणि ललित म्हणाला होता, "नाना, पेटी खोटं बोलत नही."

पुढच्याच आठवड्यात चिंधाच्या मुलीचं, कामिनीचं लग्न झालं. नाना गेले नाहीत. ललित मात्र पंगतीत जेवून आला.

दिवाळीत त्याने हलकी रीत बसवली, तेव्हा डब्याने चिंधाच्या पेटीचे निरोप एकामागून एक नाकारले. नंबर नानांचा, शिक्का मात्र त्यांच्या पेटीचा नव्हता. सगळं उलगडलं, आणि तो दोन महिने गप्प राहिला.

नाना बांधावर उभे होते. ललितने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हंजे चिंध्यानं कॉकले हात नव्हता लावला?"

"नही नाना. चूक माही."

"तुले कधी समजलं?"

"दिवाळीत."

"अन् आता संकरांत आली." नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "केळी काय, पुढच्या साली येतीन. पोरगी लग्नाले दोनदा बोलवाले आली होती रे. मी दार नही उघडलं."

"मी सांगतो चिंधाआप्पाले."

"तू ऱ्हाऊ दे. तुह्या तोंडानं बहू झालं."

नाना लंगडत चिंधाच्या हद्दीपर्यंत गेले. तिथे थांबले. मागे वळून म्हणाले, "काय म्हनू रे त्याले?"

मग काठी टेकत नाना सावकाश पलीकडे उतरले.

ललित मोटारीजवळ आला. ठिबकच्या फिल्टरची जाळी शेवाळाने बुजली होती. ती काढून तो गार पाण्यात ब्रशाने घासू लागला.