उजवा की डावा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा किस्सा मी जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा अर्ध्यापर्यंत लोक हसतात आणि पुढचं मला सांगवत नाही.

मी अकोल्याला, लघवीच्या विकारांच्या एका दवाखान्यात कोडिंग करतो. कोडिंग म्हटलं की लोकांना मी इंजिनीअर वाटतो. गावी, दर्यापूरला, नातेवाईक माझ्याकडे बिघडलेले मोबाइल घेऊन येतात. तसं काही नाही हो. डॉक्टर रोगाचं नाव लिहितात, मी त्या रोगाचा ठरलेला कोड कॉम्प्युटरमधल्या फाइलवर टाकतो. मुतखड्याचा वेगळा, प्रोस्टेटचा वेगळा. पुढे विम्याला, नोंदींना तोच कोड जातो.

आता हे कोड काही कायमचे नसतात. मधेच एकदा लघवीच्या आणि पुरुषांच्या आतल्या दुखण्यांचे कोड बदलले. पूर्वी अंडकोष दुखला तर एकच कोड पुरायचा. नव्या नियमात उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. जुना कोड टाकला की फाइल लाल होऊन परत यायची. मी म्हटलं, बरोबरच आहे. देवानं दोन दिलेत तर दोघांची नोंद वेगळी हवी.

नवे कोड लागू झाले आणि लगेच बाळापूरच्या नामदेवरावांची फाइल आली. झेंडू-शेवंतीचा मळा असलेले, साठीकडे झुकलेले गृहस्थ. डॉक्टरांनी लिहिलं होतं, अंडकोष दुखतो, सूज आहे. कोणता दुखतो, ते नाही. डॉक्टर ऑपरेशनसाठी अमरावतीला गेलेले, फोन बंद.

आम्हाला या कामात पहिलीच गोष्ट शिकवतात, की पेशंटचं दुखणं पेशंटशिवाय कोणाशी बोलायचं नाही. मला ते पाठ होतं. मी फाइलवरचा नंबर लावला, तर उचलला काकूंनी.

"हे मळ्यात फुलं तोडून राहिले. फोन घरीच रायला. मी त्यायची घरची, मले सांगा ना."

इथंच मी फोन ठेवायला हवा होता. पण मी स्वतःला हुशार समजतो ना. म्हटलं, अवयवाचं नावच घेत नाही, मग झालं.

"काकू, दवाखान्यातून बोलतो. काकांना त्रास आहे तो उजवा की डावा, एवढंच सांगा."

"उजवा," काकू लगेच म्हणाल्या. "डावा चांगला हाये त्यायचा."

मी उजव्याचा कोड टाकला. काम झालं होतं. पण काकूंचं बोलणं कुठं झालं होतं?

"जिना चढताना लय दुखते म्हन्तेत. मी रोज कोमट तेल लावून चोळून देते."

"रोज?"

"मंग? वरून घट्ट पट्टा बांधून देते. नायी तं मळ्यात कसे जातीन ते?"

खोलीत मी एकटाच होतो, तरी मान खाली घातली.

"भाऊ, तुमी दवाखान्यातले मानसं," काकू म्हणाल्या. "तो बदलून टाकला तं?"

"काय बदलून टाकला?"

"उजवा. स्टीलचा बसवतेत म्हने आता."

"काकू, तो बदलता येत नाही."

"कावून नायी येत? माह्या जावेनं तं दोनी बदलले. आता कशी टनाटन चालते."

"जावेनं?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी खुर्ची घट्ट धरली. म्हटलं, "काकू, आपण नेमकं कशाबद्दल बोलून राहिलो?"

"गुडघ्याबद्दल. तुमी कशाबद्दल बोलून राहिले?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'गुडघ्याबद्दलच' एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. पण मला इतकं सुटल्यासारखं झालं, की मी हसत हसत बोलून गेलो, "अहो काकू, गुडघ्याचा दवाखाना वेगळा. आमच्याकडे लघवीची नि पुरुषांची दुखणी असतात. काकांच्या अंडकोषाला सूज आहे."

मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "मंग मले गुडघा कावून सांगतलं यायनं?"

आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात आली. काकू बाकावर बसल्या. नामदेवरावांनी मला बाजूला बोलावलं. उंच, शांत माणूस. हाताला झेंडूचा वास. मी थप्पड खायच्या तयारीनं उभा होतो.

"फोन तुमीच केलता काय?"

"हो काका. चुकलं माझं."

"हिच्या भावाले असंच झालतं," ते म्हणाले. "अशीच सूज आली, अन मंग कॅन्सर निंगाला. शेवटपर्यंत हिनंच केलं त्याचं. म्हनून म्या गुडघा सांगतलं. म्हटलं, रिपोर्ट येऊ दे, मंग सांगू. कालपासून पानी सोडून काही घेतलं नायी तिनं. तुमी जराक थांबू नायी शकले काय?"

मी काकूंसाठी चहा घेऊन गेलो. त्यांनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"मी चांगल्या गुडघ्याले तेल लावत बसली, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन हे लावू देत होते."

तेव्हा मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

दुपारी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. साधा जंतुसंसर्ग, गोळ्यांनी बरा होणारा. नामदेवरावांनी काकूंजवळ बसून त्यांना ते सांगितलं, तेव्हा काकूंनी पदरात तोंड लपवलं आणि किती तरी वेळ रडल्या. हे रडू त्यांना मुळात यायलाच नको, म्हणून त्या माणसानं धडधाकट गुडघ्याला पट्टा बांधून घेतला होता.

ती दोघं निघाली तेव्हा मी हात जोडले. नामदेवराव माझ्याकडे न बघताच पुढं गेले. दारात मात्र थांबले.

"डावा हाये," ते म्हणाले. "लिहून घ्या."

कोड दुरुस्त करायचा तर आमच्या विभागाच्या मॅडमना सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या हातातला माउस घेतला आणि पडद्यावरची कोडांची यादी जरा खाली सरकवली.

"हा उजव्याचा, हा डाव्याचा. आणि त्याखाली हा तिसरा कशाचा आहे? वाचा."

मी वाचलं. बाजू नमूद नाही.

"डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर हा टाकायचा असतो," मॅडम म्हणाल्या. "फोन कशाला लावला तुम्ही?"

यादी खाली सरकवायला एक बोट लागतं. माझं ते बोट तेव्हा बाळापूरचा नंबर लावण्यात गुंतलं होतं.