वाटेवरची चिंच

दुपारी आम्ही दोघं खड्ड्यात पाय सोडून बसलो आणि भाकर खाल्ली. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. सगुणानं दगडावर बुक्कीनं कांदा फोडला आणि मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला. मी म्हटलं, नको, तोंडाला वास येतो.

"आता तुमाले कोन हुंगाले येते?" ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. मग ती तिच्या बाजूला उतरली, मी माझ्या.

काम वलगावच्या पाटलांचं होतं. वाटेच्या कडेला त्यांची जुनी चिंच. साता समुद्रापार कुठं तरी लढाई लागली, इलायतेत कापूस पोचेना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला आणि चिंचेची झाडं पडू लागली. चिंचेच्या सावलीत पऱ्हाटी होत नाही. ज्याला त्याला बांधापर्यंत कापूस पाहिजे. आम्हा नवरा-बायकोला त्या दिवसांत उसंत नव्हती.

लोकांना वाटते, झाड पाडायचं म्हणजे कुऱ्हाड घ्यायची. तसं केलं तर खुंट जमिनीत राहतो आणि पेरणीच्या आधी वखराची लोखंडी पास मोडते. मग पाटील शिव्या देतो. आम्ही आधी भोवती खणतो. आडवी मुळं उघडी पाडतो, तोडतो. शेवटी शेंड्याला दोर बांधून बैल लावतो. झाड आपल्याच वजनानं खुंट उपटून घेते. काळ्या मातीत हे उन्हाळ्यातच जमते. भुई भेगाळलेली असते, कुदळ आत जाते.

शेताकडची बाजू मी घ्यायचो, दुसरी ती. मूळ आहे की दगड, हे तिला कुदळीच्या आवाजावरून कळायचं. मला अजून कळत नाही.

आणखी एक काम तिचं होतं. झाडाला हात लावण्याआधी त्याची रजा मागायची. बुंध्याला हळद-कुंकू लावायचं, चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि झाडाशी बोलायचं. पाखरं, साप, आणखी जे कोणी राहत असेल, त्यांनी निघून जावं म्हणून. ही रजा एका दिवसाची. दिवस बुडला आणि झाड उभं राहिलं, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा मागायची. ती काय बोलायची, मला ठाऊक नाही. बायांचं काम म्हणून मी तेव्हा लांब बसून कुऱ्हाड पाजवायचो.

भाकर खाऊन थोडा वेळ झाला असेल. तिच्या कुदळीचा आवाज थांबला. पाहतो तर ती मुळाला धरून ओकत होती. गावात पटकीची साथ फिरत होतीच. पाटलांनी आपली दमणी जुंपून दिली. घरी आणून खाटेवर निजवली. पाणी पोटात ठरत नव्हतं. डोळे आत गेले. मी तिचे हात चोळत बसलो.

"वाटेकडची मुळं राह्यली," ती म्हणाली.

मी म्हटलं, राहू दे. त्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कुदळ उलटी धरली होती. दिवस बुडायच्या आत गेली.

पेढी नदीच्या काठी तिला आग दिली. लोक हातपाय धुवून निघाले, पण पाटील घुटमळले. चांगला माणूस. आधी चार शब्द तिच्याविषयी बोलले. मग म्हणाले, "बुढ्या, आज बोलाची गोष्ट नाही. पन चिंच वाटेवर लवली आहे."

लवणारच. शेताकडून झाडाला ओढून धरणारी मुळं मी सगळी तोडली होती. वाटेकडची तिच्या वाटणीची, ती अर्धी राहिली. झाडाला आता तेवढीच धरून होती. वारा आला तर चिंच वाटेवर पडणार, आणि सकाळपासून त्या वाटेनं कापसाच्या गाड्या अमरावतीला जाणार. दुसरी वाट नाल्यातून. तिथं भरली गाडी चढत नाही.

सगुणाचा भाऊ रामजी माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, सुतकात कुऱ्हाड धरत नाहीत, दहा दिवस थांबा.

"मी थांबतो रे बाप्पा," पाटील म्हणाले. "चिंच थांबते का?"

रामजी म्हणाला, मग दुसरा गडी लावा. पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्यानं अर्धवट खणलेल्या झाडाखाली कोणी उतरत नाही. कोणतं मूळ किती तुटलं आहे, ते खणणाऱ्यालाच ठाऊक असते. घरी आलो.

सकाळी उजाडताच तिचा कुंकवाचा करंडा घेतला आणि गेलो. रामजी माझ्या आधीच तिथं होता, बैल घेऊन. मला पाहून म्हणाला, "सुतक माह्यावरही आहे, भाऊजी. आता काय करतं?" त्यानं शेंड्याला दोर बांधला आणि शेताकडून ताणून धरला. मी वाट अडवली. गाडीवानांनी बैल सोडले आणि लांब बसले.

बुंध्यावर तिच्या बोटांचं कुंकू होतं. त्याच्या बाजूला मी लावलं. तांदूळ ठेवले. रामजीनं मान फिरवली.

मी म्हटलं, "सगुणा गेली. ती तुले काय म्हनत होती, मले ठाऊक नाही. तुले ठाऊक आहे. तेच माह्याकून समज."

मग तिच्या बाजूला उतरलो. तिची कुदळ आखूड दांड्याची, मला वाकून धरावी लागली. एका मुळावर तिची चुंबळ अडकली होती, डोक्यावर टोपलं घ्यायची. ती काढून कमरेला खोचली. मुळं एकेक करून तोडली. वर झाड करकरत होतं. शेवटचं मूळ तुटताच बाहेर उडी मारली आणि रामजीनं बैल हाकले. चिंच शेतात पडली, खुंट घेऊन. वाटेवर एक डहाळी आली नाही. गाडीवानांनी बैल जुंपले. एक जण जाताना बोलला, बुढी असती तर खूश झाली असती. खोटं. ती म्हणाली असती, इतका वेळ काहून लागला.

पाटील म्हणाले, आता घरी जाय, खड्डा गडी बुजवतील. मी ऐकलं नाही. अर्धं काम सोडू नये, एवढंच या धंद्यात मी शिकलो.

खड्डा बुजवायची आमची रीत होती. ती माती लोटायची, मग दोघं मिळून पायानं दाबायचो. नाही दाबली तर पहिल्या पावसात खचते आणि बैलाचा पाय जातो. त्या सकाळी मी माती लोटली आणि दाबू लागलो. एकट्यानं दाबायला फार वेळ लागतो.