कोठीतला गॅम्बिट आणि राजाची उडी

रविवारची सकाळ, कोठी भागातल्या एका शाळेचा हॉल आणि स्पर्धेतली माझी शेवटची फेरी... नव्वदीच्या दशकातली गोष्ट, मी सतरा वर्षांची. जिंकले तर राज्याच्या टीममध्ये, नाहीतर बुद्धिबळ बंद आणि सोमवारपासून आबिड्सला कॉम्प्युटर क्लास! 'आता जमाना बदलला' हे बाबांचं तेव्हाचं पालुपद होतं.

मला कॉम्प्युटरचं वावडं नव्हतं हो... पण खेळ सोडायचा नव्हता. बरोबरी करून भागणार नव्हतं, म्हणून सरळ किंग्ज गॅम्बिट खेळले. दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं देऊन टाकायचं आणि हल्ला चढवायचा.

समोर बँकेतले एक काका. त्यांनी शांतपणे प्यादं खाल्लं. थोड्या चालींनंतर माझा राजा मला फारच उघडा वाटायला लागला. मी तो उचलला आणि... घोड्यासारखा अडीच घरं उडवला!

गौलीगुड्यात घरी बाबांनी मला देशी बुद्धिबळ शिकवलं होतं. त्यात राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येते. स्पर्धेत ती चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण हाताची सवय जाते थोडीच...

काका घड्याळ थांबवून, पोरीलाही 'अम्मा' म्हणणाऱ्या आमच्या इकडच्या बोलीत म्हणाले, "हात लगाये तो चलना पडता, अम्मा."

हात लावलेली सोंगटीच चालवायची हा नियम, म्हणजे आता राजाच हलवायचा. मध्ये उंट उभा, त्यामुळे राजाला हत्तीआड नेणारं कॅसलिंगही नाही, जे देशी खेळात नसतंच. एक घर तिरका पुढे, अगदी उघड्यावर आणावा लागला. मागे बसलेल्या बाबांनी मान खाली घातली... ही सवय कुणी लावली, ते त्यांना कळलं होतं.

मला स्वतःचाच भयंकर राग आला. म्हटलं, रडायचं घरी जाऊन, इथे लढायचं. मग दिसलं... राजा सरकल्यामुळे वाट मोकळी झाली होती! उंट बाहेर काढला आणि कोपऱ्यातला हत्ती थेट मधल्या पट्टीत, काकांच्या राजासमोर. पुढचे दोन तास मी पाणीसुद्धा प्यायले नाही. शेवटी काकांनी हसत आपला राजा आडवा करून हार मानली.

परत येताना बसस्टॉपवर बाबा एकदम म्हणाले, "ते कॅसलिंग कसं करतेत, मला बी शिकव."

त्या संध्याकाळी पन्नाशीतला बाप लेकीसमोर पट मांडून बसला. असे बाबा मिळाले... नशीबवान आहे मी.