अकरा नंबरची नाडी

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या इंद्रलोकच्या बिल्डिंगमध्ये कुणीही सांगेल. तिसऱ्या मजल्यावर भांडण कशावरून लागलं, वॉचमनच्या मेव्हण्याची सोयरीक का मोडली — चहा निवायच्या आत माझ्याकडून बातमी खाली पोचते. तरी एक गोष्ट राहिली. पन्नास वर्षांच्या वर राहिली. देवासमोर बसून मनातल्या मनात बोलते ना, तेव्हासुद्धा तेवढं सोडून पुढे जाते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा दारात ऋतुजाची बॅग उभी आहे म्हणून.

ऋतुजा माझी नात. उद्या सकाळी नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर जातेय. गेले पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही. मेडिकल फिटनेसचा दाखला, काविळीच्या इंजेक्शनची चिठ्ठी, बारा फोटो, पांढरे बूट — चालताना आवाज न करणारे, हे मी सांगितलं. केसांची जाळी, काळ्या पिना, बादली, मग, कुलूप. युनिफॉर्म शिवायला टाकताना टेलरने विचारलं, "माँजी, लंबाई कितना रखूँ?" तर मी टेप त्याच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "घुटने के नीचे चार उंगली. झुकेगी तो पीछे से दिखना नहीं चाहिए." टेलर सुनेला म्हणाला, "माँजी नर्स थी क्या?" सून, वैशाली, अभिमानाने म्हणाली, "थी ना! डेढ साल."

दीड साल.

थांबा, तिथूनच सुरू करते. दीड वर्ष नव्हतं ते. तेवीस दिवस होते.

बघा, एवढं लिहिलं तर पाणी प्यावंसं वाटलं.

आमच्या घरात जी गोष्ट चालते ती अशी: आजी रत्नागिरीकडच्या गावातून मुंबईला मोठ्या इस्पितळात नर्सिंग शिकायला गेली, दीड वर्ष शिकली, हुशार होती, पण आजोबांनी लग्नाची घाई केली आणि तिचं शिक्षण सोडायला लावलं. गोष्टीला पुरावाही आहे — कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात नर्सची टोपी. कडक पांढरी, घडी न मोडलेली. खरं सांगू? ती टोपी मी शिवलेली आहे. माझा मुलगा तिसरीत असताना शाळेत वेशभूषेच्या स्पर्धेत शेजारच्या मुलीला नर्स करायचं होतं, तेव्हा ह्यांच्या जुन्या शर्टाच्या पाठीतून कापून शिवली. तांदळाच्या पेजेत बुडवून इस्त्री ह्यांनीच मारून दिली. पुढे कुणीतरी विचारलं, "ही तुमची का?" — आणि मी काय म्हटलं असेल? खरी टोपी सहा महिने निभावलेल्या मुलींना मिळायची. मी तेवीस दिवसांत कसली टोपी मिळवतेय!

ती टोपी ऋतुजाने काल बॅगेत ठेवली. सगळ्यात वर. म्हणाली, "आजी, पहिल्या दिवशी खिशात ठेवणार."

पोरगी घाबरलीय. दाखवत नाही, पण जेवण अर्धं टाकते. मोबाइलवर इंजेक्शन द्यायचे व्हिडिओ एक डोळा मिटून बघते. माझ्या पलंगावर मला झोपवून, कुशीवर वळवून, खालची चादर बदलायचा सराव करते — परवा मला भिंतीवर आपटलं आणि वर "पेशंटने सहकार्य करावं" म्हणाली. एका वहीत आमच्या तिघांच्या नावाचे रकाने पाडलेत. रोज नाडी मोजते. मीच तिला सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन दिलं, डिजिटल घेऊ दिलं नाही.

परवा माझं मनगट धरून तिने विचारलं, "आजी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालतं म्हणे. बरोबर ना?"

मी ओरडले. एवढ्या जोरात की स्वयंपाकघरातून वैशाली बाहेर आली. "पूर्ण मिनिट मोजायचं! पूर्ण!"

ऋतुजा बावरली. मग हळूच म्हणाली, "एवढं काय गं... बरं. आणि आजी, तुझ्या वॉर्डात पहिल्यांदा कुणी गेलं, तेव्हा तू काय केलंस? मला त्याचीच भीती वाटते."

या प्रश्नाचं माझं उत्तर तयार आहे. वीस वर्षं सांगतेय. मी त्या माणसाचे डोळे मिटवले, तोंड पुसलं, केस नीट केले, नातेवाइकांना पाणी दिलं, आणि मग संडासात जाऊन रडले. रडण्याचा भाग मी नंतर घातला. त्याने गोष्ट खरी वाटते. परवाही तीच सांगितली. ऋतुजाने ऐकली आणि म्हणाली, "मलाही जमेल मग." माझं मनगट अजून तिच्या बोटांत होतं.

आता त्या मुलीकडे येते. म्हणजे माझ्याकडे.

एकोणीस वर्षांची. दोन वेण्या, मॅट्रिकला गावात पहिली, आणि डोकं असं वर की देवळाच्या दाराची चौकट लागायची. नर्स का व्हायचं होतं तिला? सेवा वगैरे काही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एक नर्स बघितली होती — पांढरा पोशाख, टोपी, आणि लोक उठून जागा द्यायचे. तेवढ्यासाठी. लग्न ठरलेलं होतं, पण भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्या मुलाने — आमच्या ह्यांनी — बाबांना सांगितलं होतं, तीन वर्षं शिकू द्या, मी थांबतो. हो. थांबतो, असं म्हणाले होते.

इस्पितळात गेल्यावर बाईसाहेबांना कळलं की पेशंटला हात लावावा लागतो! कल्पना करा. नर्सिंगला जाऊन हे कळलं. घरात मी नेहमी सांगते, सुरुवातीला भीती वाटायची. भीती नव्हती हो. किळस होती. म्हाताऱ्या बायकांच्या कातडीची, तोंडाच्या वासाची, ओल्या चादरींची. रात्री हात तीनतीनदा धुवायची आणि मग त्याच हाताने घरी पत्र लिहायची, "येथे सर्व कुशल, रुग्णांची सेवा करताना फार समाधान मिळते."

दुपारी चार वाजता आम्हा नव्या मुलींना वॉर्डचे चार्ट भरायला लावायचे. ताप, नाडी, श्वास — प्रत्येक खाटेजवळ उभं राहून मोजायचं आणि पायाशी टांगलेल्या कागदावर लिहायचं. चौदा खाटा माझ्या. तुम्हाला त्या कामातलं एक गुपित सांगते, जगातल्या सगळ्या नर्सना माहीत असेल: न मोजताही भरता येतं. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास वीस. एका खाटेला ऐंशी, एकीला शहात्तर, म्हणजे संशय येत नाही. जाग्या असतील त्यांची मी खरंच मोजायची. झोपलेल्यांना उठवू नये, हा नियम माझा मीच काढला होता. किती दयाळू मुलगी!

विसावा दिवस होता. अकरा नंबरला एक आजी होत्या. भिंतीकडे तोंड करून, गळ्यापर्यंत चादर. त्यांची मुलगी दोन वाजल्यापासून स्टुलावर बसलेली, मांडीवर ताटली, ताटलीत सोललेलं मोसंबं. आई उठली की द्यायचं म्हणून. तिने मला विचारलं, "बरी आहे ना हो सिस्टर? बराच वेळ झोपलीय."

सिस्टर. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सिस्टर म्हटलं होतं. बिनटोपीची होते, तरी म्हटलं. मी हवेत गेले. कागद काढला, लिहिलं — अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याहत्तर, वीस — आणि मोठ्या नर्सच्या आवाजात म्हणाले, "अगदी बऱ्या आहेत. झोपू द्या. तुम्ही जाऊन चहा पिऊन या बरं."

ती ताटली स्टुलावर ठेवून गेली.

दहा-पंधरा मिनिटांत वॉर्डच्या सिस्टर औषधं घेऊन आल्या. अकरा नंबरपाशी थांबल्या. चादर खाली केली. मनगट धरलं, सोडलं. मग मला बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हात गार पडलेत. तास-दीड तास तरी झालाय." त्यांनी पायाशी टांगलेला कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "चार वाजता तू नाडी बघितलीस?"

"हो सिस्टर."

त्यांनी तो कागद तसाच राहू दिला. का, ते मला आजही माहीत नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं का? असं म्हणून त्यांच्यावर ढकलायला नको.

कारण खरी गोष्ट अजून यायचीय. मेलेल्या बाईची नाडी अठ्ठ्याहत्तर लिहिली — हे वाचून तुम्ही कदाचित हसलाही असाल, मीही कधीकधी हसते, वाईट हसते. पण ते नाही.

मुलगी चहा पिऊन आली. आणि तिने जो टाहो फोडला — छाती बडवत एकच वाक्य: "मी चहाला गेले आणि आई एकटीच गेली. दोन तास बसले आणि नेमकी तेव्हाच उठले." बायका तिला धरत होत्या. तिने माझा हात पकडला, घट्ट, आणि विचारलं, "सिस्टर, तुम्ही बघितलं ना? चार वाजता होती ना?"

विचार करा. मला एकच वाक्य म्हणायचं होतं. बाई, तुमची आई एकटी गेली नाही, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना गेली. मी नाडी बघितलीच नव्हती. एवढंच. तिचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर वेगळं झालं असतं. माझी फक्त नर्सिंगची जागा गेली असती.

मी म्हटलं, "होती."

ताटलीतलं मोसंबं कुणीतरी उचलून नेलं. ती मुलगी तेव्हा चाळिशीची असेल. आज असेल की नसेल? असली तर कुठल्यातरी घरात बसून नातवंडांना सांगत असेल — मी चहाला गेले आणि आई गेली. आणि ती खोटं बोलत नसेल. तिला मी दिलेली गोष्ट आहे ती.

आणि गंमत बघा, जी जागा वाचवायला मी हे केलं ती जागाही मी तीन दिवसांत सोडली. चार वाजले की मला त्या कागदांसमोर उभं राहवेना. तेविसाव्या दिवशी ट्रंक उचलली आणि गावाला आले. बाबांना काय सांगायचं? सांगितलं — मुलाकडून निरोप आलाय, शिक्षण नको म्हणतात, लग्न आत्ताच हवंय. मुलाकडे बाबांच्या नावाने उलटा निरोप — बाबांची तब्येत बरी नसते, लवकर उरकू. केवढी हुशार, नाही? मॅट्रिकला पहिली!

लग्नात बाबांनी सगळ्यांसमोर टोमणा मारलाच, "तीन वर्षं निघाली नाहीत ना, जावईबापू?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुंडावळ्यांच्या आडून जमीन बघत होते. मग हे म्हणाले, "चुकलं माझं."

नंतर, एस.टी.त बसल्यावर, एकदाच विचारलं, "मी कधी नको म्हटलं होतं?" मी रडायला लागले. तेव्हा म्हणाले, "परत जायचं असेल तर सांग, मी सोडायला येईन." पुन्हा विषय काढला नाही. जन्मभर ते चुकलेले राहिले — माझ्या माहेरात, पुढे सुनेसमोर, पुढे नातीसमोर. सात वर्षांच्या ऋतुजाने कंबरेवर हात ठेवून विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही माझ्या आजीला नर्स होऊ दिलं नाही ना?" दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. हे हसले आणि तिसऱ्या दिवशी तिला लिमलेटची गोळी देऊन समेट केला. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. चार वर्षं झाली ह्यांना जाऊन. गेले तेही माझं खोटं अंगावर घेऊनच.

कॉलेजच्या मुलाखतीत ऋतुजाला विचारलं, नर्सिंगच का? घरी येऊन तिने आम्हाला ते उत्तर करून दाखवलं, ताठ उभी राहून: "माझ्या आजीचं स्वप्न आजोबांमुळे मोडलं. मी ते पूर्ण करणार आहे."

ऋतुजा आत्ता टेलरकडे गेलीय, दुसऱ्या युनिफॉर्मची बाही सैल करून आणायला. मोबाइलवर तिचा आवाज आला: "आजी, अर्ध्या तासात येते, चहा टाकून ठेव." चहा टाकलाय. बॅगेतून टोपी काढून टेबलावर ठेवलीय. तुम्हाला म्हणून लिहिलेले हे कागद त्या टोपीखाली ठेवते. ती वाचेल तेव्हा मी समोरच्या खुर्चीत असेन. उठणार नाही. ती आजोबांच्या फोटोकडे बघेल, मग माझ्याकडे — बघू दे. उद्या जाईल की नाही, गेली तर मला हाक मारून जाईल की नाही, ते तिचं.

तिच्या वहीत रकाने आहेत, म्हणून मीही एक नोंद खाली करून ठेवते. पन्नास वर्षं उशिरा.

खाट क्रमांक अकरा. दुपारी चार. मुलगी शेजारी होती. नाडी — बघितली नाही.