कड्यावरची म्हातारी

त्या वसंतात सिग्ने फॉसबाकचा हात केस विंचरायलाही वर जाईना. सोळाव्या वर्षी ती वडिलांच्या बोटीवर चढली होती, आता साठी उलटली होती. लग्न करून पाहिलं, पण नवऱ्याला अलास्काचा पाऊस मानवला नाही. तो गेला, ती राहिली. धाकटा भाऊ गुन्नार सुकाणू धरायचा आणि सिग्ने कठड्याशी उभी राहून गळांना लागलेले मासे उतरवायची, फाडायची.

वडिलांनी शोधलेल्या समुद्रतळाच्या कड्यावर, दोनशे वाव, म्हणजे हजारावर फूट खोल, ते हॅलिबट या चपट्या माशासाठी गळांची दोरी सोडत. तिथे तांबडे खडकमासेही लागत. वर येता येता त्यांच्या पोटातली हवा फुगायची, डोळे बाहेर यायचे, जठर तोंडातून लोंबायचं. सिग्नेला आता त्याचं काही वाटत नसे.

त्या दिवशी खडकमाशाची एक प्रचंड मादी आली. तिला उचलताना सिग्नेच्या हातमोज्यांवर पिल्लं सांडली. हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. काचेसारखी शरीरं, काळे ठिपके डोळे. हजारोंनी.

"गुन्नार, दोरी थांबव. पोटुशी आहे रे ही."

"मग मी काय करू?" तो आतूनच म्हणाला. "सोडलीस तरी खाली जायची नाही. कुरव पक्षी टोचून खातील."

खरंच होतं ते. शिवाय खडकमासा टाकून द्यायचा नाही, धक्क्यावर आणायचा, असा कायदा. सिग्नेने तिला न फाडताच बर्फात ठेवलं.

धक्क्यावर मत्स्यखात्याच्या मुलीने नमुन्यासाठी नेमका तोच मासा घेतला. झाडाच्या खोडासारखी त्याच्या कानातल्या खड्यालाही वर्षावर्षाची वळी असतात. काही आठवड्यांनी ती मुलगी दुकानात भेटली. मासा सव्वाशे वर्षांच्या पुढचा निघाला, म्हणाली. सिग्ने बरं म्हणाली, बटाटे घेऊन घरी आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली. असे किती मासे आपण दुपारच्या जेवणाआधी फाडून उरकले असतील, ते तिला आठवेना.

संध्याकाळी ती गुन्नारकडे गेली.

"त्या कड्यावर मी यायची नाही आता."

"बाबांचा कडा आहे तो, सिग्ने."

"बाबांचा कधी होता?"

हिवाळाभर तो तिच्याशी बोलला नाही. पुढच्या वसंतात दोन माणसं घेऊन गेला. सिग्नेने समजूत करून घेतली, की तो तिकडेच गेला असणार. भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

परतल्यावर तो थेट तिच्या दारात आला. तिने माशाचं सार वाढलं. अर्धा वाडगा संपल्यावर तो म्हणाला, "वाळूच्या सपाटीवर सोडली दोरी. फारसं काही लागलं नाही."

"आणि कडा?"

"नाही गेलो. तुझ्यासारखं फाडायला कुणाला येतं?"

खरं कारण ते नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने आणखी सार वाढलं. खाऊन तो बुटांसकट कोचावर आडवा झाला. एरवी ती ओरडली असती. तिने दिवा मालवला आणि तीही जाऊन पडली.