बेटा ब्लॉकर

हृदय कमजोर झाल्यावर वडिलांना ज्या गोळ्या सुरू झाल्या, त्यातल्या एकीला मेडिकलवाला ‘बीटा ब्लॉकर’ म्हणाला. वडिलांनी ऐकलं ‘बेटा ब्लॉकर’. दुकानातच हसायला लागले. “आरं, ह्यो तर आमच्या घरात हाय की! फुकटात!”

तेव्हापासून मला तेच नाव पडलं. मी त्यांच्या ताटातलं लोणचं उचललं, तंबाखूची पुडी काढून घेतली, की लगेच, “आला बेटा ब्लॉकर.” कंपनीतले मित्र घरी आले तरी त्यांच्यासमोर तेच. मला भयंकर राग यायचा. आता ती हाक ऐकायला कान तरसतात.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी ठोक्यांना आवरून धरते; मनानं एकदम बंद केली तर ठोके भरकटतील, जिवावर बेतेल. “म्हंजी कासरा सोडायचा न्हाई,” वडील म्हणाले. बैलांच्या भाषेत त्यांना सगळं झटकन कळायचं. निघोजे गावातली आमची जमीन कंपन्यांत गेली, तरी शर्यतीची एक जोडी त्यांनी ठेवली होती. यात्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा जुंपताना बैल धरायला तेच लागत, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

गोळ्यांनी गुण आला. पायांची सूज उतरली, जिना चढताना थांबावं लागेना. पण हातपाय गार पडायचे, अंग ढिलं वाटायचं. “धाप गेली, पर जोरबी गेला,” असं म्हणत बसायचे. अशा अंगानं उधळता बैल धरायचा कसा, एवढाच त्यांना घोर. मला वाटलं, हळूहळू सवय होईल.

यात्रेच्या दिवशी मी चाकणला फर्स्ट शिफ्टला होतो. फोन आला तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी बैल धरला, गाडा सुटला, लोकांनी टोप्या उडवल्या आणि हे तिथंच खाली बसले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर आईनं रडत सांगितलं. अंगात जोर यावा म्हणून यात्रेच्या आधीच त्यांनी ती गोळी बंद केली होती. तिनं हटकलं, तर म्हणाले, “पोराला बोलू नगं. त्यो आडवंल.”

अडवलंच असतं. सगळ्या गावासमोर शिव्या खाऊन अडवलं असतं. नावच तसं ठेवलं होतं त्यांनी माझं.