आक्काच्या वांग्याचं बी

मळ्यातलं सगळ्यात देखणं वांगं आक्का कुणाला खाऊ देत नसे. जावई आला तरी नाही. त्याच्या देठाला ती लाल चिंधी बांधायची आणि पिवळं होईपर्यंत ते झाडावरच ठेवायची. आमच्या ताटात वाकडीतिकडी वांगी. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाली, "चांगलं तेवढं खाऊन संपवलं, तर फुडल्या साली वाकडंच पेरायचं व्हय रं?"

आक्का माझी आत्या. पलूसजवळ नदीकाठी तिचा मळा. पिकल्या वांग्याचं बी धुऊन, राखेत घोळून ती मडक्यात ठेवायची आणि घरातली लेक सासरी निघाली की ओटीत तांदळाबरोबर त्याची पुरचुंडी घालायची. विकलं मात्र कधी नाही. "पोर दिली तिथं बी दिलं," एवढंच म्हणायची.

तिचा मुलगा नाना याला ही वांगी जड जात होती. अळी शेंड्यात शिरायची, फळात शिरायची. दर दोन दिवसांनी फवारणी, डोळे कायम लाल. एकदा पंप पाठीवर असतानाच तो सरीत कोसळला. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून आक्का मला म्हणाली, "गुरुजी, तुमच्या इज्ञानात ह्याला काय औषध न्हाई का?"

गुरुजी म्हणजे मी. आठवीला विज्ञान शिकवतो. कुणी विचारलं की मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. तासगावच्या बाजारात बिनअळीची रोपं मिळतात असं ऐकून गेलो. रोपवाल्यानं गोणपाट बाजूला केलं. "अळी शिवत न्हाई. पावती तेवढी मागू नका." असल्या जनुक बदललेल्या, बीटी वांग्याला आपल्याकडं परवानगी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घेतली.

मळ्यात मी व्याख्यानच दिलं. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक यात घातलेला असतो. त्यामुळं झाडात एक प्रथिन तयार होतं. अळीनं ते खाल्लं की तिचं आतडं फुटतं, माणसाच्या पोटात तसं होत नाही. आक्कानं ऐकून घेतलं.

"ही रोपं त्यातलीच हायती, हे कोण सांगतंय?"

"रोपवाला."

"नाव काय त्याचं?"

मला नाव माहीत नव्हतं.

नानाकडं बघून तिनं रोपं लावू दिली. त्या हंगामात पंप गोठ्यात टांगून राहिला. नानाचे डोळे निवळले. भरली वांगी मी दोनदा मागून घेतली, हे लपवत नाही.

रोपं लावली होती आक्काच्या ओळींना लागून. वांगं बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, असं मी वर्गात सांगतो. त्यातलं 'बहुतेक' मधमाश्यांनी माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

पुढच्या वर्षी आक्का आपल्याच बियांच्या झाडांपुढं उभी राहिली. "ह्या चार झाडांस्नी अळी का न्हाई रं?" मला वाटलं, खूश आहे. तोंडाकडं बघितलं, तर रंग उडालेला. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीनं पानाच्या रसात तपासणीची पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या. जनुक आला होता.

"खायला धोका आहे, असं यावरून म्हणता येत नाही, सर," ती म्हणाली. "पण मूळ रोपं कुठली, त्यात आणखी काय आहे, हे कोण सांगणार?"

त्याच बियांच्या दोन पुरचुंड्या तोवर लेकींबरोबर सासरी गेल्या होत्या, एक कराडला, एक वाईला. आक्का एसटीनं दोन्हीकडं जाऊन आली. बी शेजारीपाजारी वाटून झालं होतं. "लय चांगलं हाय म्हणून समद्यांस्नी दिलं," असं विहीणबाई कौतुकानं सांगत होत्या.

घरी आल्यावर तिनं मडकं चुलीत ओतलं. नाना मधे पडला. "आई, माझं डोळं वाचलं त्यानं."

"वाचलं, खरं हाय. तुजं तू लाव. पर माझं म्हणून कुणाला देऊ नगंस. माझं त्यात काय राह्यलंय, तेच मला ठावं न्हाई."

मला तिनं दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा वांगी लावली नाहीत. गेल्या पावसाळ्यात ती गेली.

परवा मळ्यात गेलो, तर बांधावर रोपांचे ट्रे आणि पाटी: 'आक्काचं गावरान वाण. अळी लागत नाही.' रोपं न्यायला साताऱ्याहून दोन टेम्पो आले होते. नाना हसला. डोळे स्वच्छ. "गुरुजी, तुमीच सांगा ह्यास्नी, आक्का बी कसं जपायची ते."

सगळे माझ्याकडं बघत होते.

मी लाल चिंधीपासून मडक्यापर्यंत सगळं सांगितलं. चुलीचं तेवढं राहिलं.